तोरणमाळची गुरं आणि हिमालयातले याक

मा. संपादक, स.न.वि.वि.

उंचावरच्या जनावरांत तांबड्या पेशी जास्त, म्हणून ती दमत नाहीत, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धवट आहे. पेशी फार वाढल्या की रक्त घट्ट होतं आणि हृदयावरच ताण येतो. खरी गोम फुप्फुसाच्या धमनीत आहे. ऑक्सिजन कमी पडला की सपाटीवरच्या गायीची ही धमनी आवळते. २५०० मीटरच्या वर काही आठवडे गेले की काही गायींत तिची भिंत जाड होते, हृदयाची उजवी बाजू थकते, पोळीत (गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीत) आणि छातीखाली पाणी उतरतं. याकची धमनी पातळ भिंतीची. ती फारशी आवळतच नाही.

हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकादंब या रानहंसाची युक्ती वेगळी. त्याचं हिमोग्लोबिन विरळ हवेतही ऑक्सिजन घट्ट पकडतं. यंत्र लावून नोंदलेली त्याची कमाल उंची ७२९० मीटर. पण बहुतेक प्रवास तो डोंगराच्या अंगानं, बराच खालून करतो.

आपलं तोरणमाळ जेमतेम ११०० मीटर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्केच कमी. गुरं धापा टाकू लागली तर उंचीला दोष न देता आधी गोचीड आणि जंत बघावेत.

– प्राणिशास्त्राचे काही शिक्षक, शहादा