चरबी निथळली, मग तर्री कुठली?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत जुन्या टेलीशॉपिंग जाहिरातींवरचा लेख वाचला. लेख खुसखुशीत आहे, पण त्या पाहणाऱ्यांना सरसकट भोळं ठरवलंय, ते पटलं नाही. नव्वदच्या दशकात केबलवर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या या जाहिराती लागायच्या, तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात टीव्ही मुकाट्याने बघणारे कमी आणि त्याला उलट उत्तरं देणारे जास्त होते.

ग्रिलची जाहिरात तर हक्काची करमणूक. दोन तापल्या तव्यांमध्ये कोंबडीचा तुकडा दाबायचा, तवा पुढे उतरता, चरबी ओघळून खालच्या ट्रेमध्ये. मग ती हसरी बाई तो पिवळट ट्रे कॅमेऱ्यापुढे धरणार आणि हिंदीत डब केलेला आवाज चित्कारणार. त्यावर आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, “अवं, तर्रीच काढून फेकली तं मंग खाचं काय बापा?” सावजी रश्श्यावर पोसलेल्या घराला चरबी काढून दाखवणं म्हणजे गिऱ्हाईक घालवणंच की! शेजारच्या काकूंचा प्रश्न त्याहून रोखठोक होता: “हे धुवाचं कोनं?”

काकूंना भोळं म्हणण्याआधी एवढं पाहा. मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमनच्या नावाचं प्रसिद्ध ग्रिल अमेरिकेत १९९४ साली आलं. त्याच वर्षी त्याने वयाच्या ४५व्या वर्षी हेवीवेट विजेतेपद परत मिळवलं होतं. पुढे १० कोटींहून जास्त ग्रिल खपले, आणि १९९९ मध्ये कंपनीने नुसत्या त्याच्या नावासाठी १३ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. पण सुरुवातीच्या मॉडेलचे तवे सुटे निघत नसत. वायरीसकट अख्खं धूड ओट्यावर ठेवून पुसत बसायचं. निघणारे तवे मागाहून आले. म्हणजे काकूंनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. खुद्द फोरमन सांगायचा, की नमुना घरी तसाच पडून होता, बायकोने वापरून पाहिला तेव्हा कुठे त्याने मनावर घेतलं. तिथेही निकाल बाईनेच दिला.

अमेरिकी टीव्ही-विक्रेता रॉन पोपीलच्या रोटिसरीची, म्हणजे सळईवर कोंबडी फिरवत भाजणाऱ्या यंत्राची, जाहिरात (ही १९९८ची) मी अलीकडे नातवासोबत यूट्यूबवर पाहिली. पोपील वाक्याची सुरुवात करतो आणि स्टुडिओतले प्रेक्षक एका सुरात ओरडतात, ‘लावा आणि विसरा!’ माझ्या मते खरी विक्री ती गर्दीच करते. त्या अर्ध्या तासात यंत्राला वीज किती लागते, हे विचारायला एकजण उठत नाही. रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात घालून कोणी विसरून दाखवावं! भारनियमनाच्या काळात तर आमच्याकडे विसरायची सोय विजेनेच केली होती. आमच्या ओळखीत एकांनी अमेरिकेहून असं यंत्र हौसेने आणलं. तिकडचा दाब १२० व्होल्ट, आपला २३०. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलं की तारेत जवळपास चौपट उष्णता. धूर झाला, फ्यूज उडाला, आणि त्या रात्री सगळ्यांनी पोहे खाल्ले.

आता हसायचंच तर आजच्या एअर फ्रायरच्या रीलवर हसा. जुन्या जाहिरातीत निदान शिजणारा पदार्थ बराच वेळ डोळ्यांसमोर असायचा. रीलमध्ये कच्चं आत जातं, टाळी वाजते, खरपूस बाहेर येतं. मधलं काही नाही आणि खरकटी जाळी तर नाहीच नाही.

आपल्या पुरवणीत स्वयंपाकघरातल्या नव्या यंत्रांची ओळख येत असते. तिथे किमतीसोबत वॅट, धुण्याची रीत आणि चार माणसांच्या जेवणाला किती घाणे काढावे लागतात, हे छापाल का? भरिताचं अख्खं वांगं आत मावतं की नाही, तेही.

– एक वाचिका, महाल, नागपूर