ज्वारीचा पिझ्झा आणि गिरणीतला गहू

महोदय,

शाळांना सुट्टी लागली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि समाजमाध्यमांवर मुलांसाठी ‘ग्लूटेन-फ्री मिनी पिझ्झा’, ‘ग्लूटेन-फ्री पिझ्झा बाइट्स’ अशा नावांच्या पाककृतींची रेलचेल सुरू होते. हे पदार्थ घरी करावेत असे लोकांना वाटू लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या पाककृती काळजीपूर्वक वाचल्या तर असे दिसते की, अनेक ठिकाणी फक्त मैदा वगळलेला असतो आणि त्याच्या जागी बारीक रवा, गव्हाची कणीक किंवा खपली गव्हाचे पीठ घ्यायला सांगितलेले असते. माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आजार आहे आणि आमच्या घरी हे पदार्थ नेहमी होतात. त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते.

ग्लूटेन हे गव्हातलेच प्रथिन आहे. मैदा, रवा, दलिया, शेवया, कणीक ही सगळी एकाच धान्याची रूपे असल्याने त्यांपैकी कोणत्याही रूपात ते असतेच. खपली हाही गहूच आहे. तो पचायला हलका असल्याचा अनुभव अनेकांना येत असेल, पण सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो चालत नाही. जव आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिने असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात केले जाणारे सातूचे पीठही गव्हाचे किंवा जवाचे असल्याने तेही वर्ज्य ठरते. या आजारात ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे तिथले सूक्ष्म उंचवटे त्यामुळे झिजून सपाट होतात आणि मूल कितीही जेवले तरी अंगी लागत नाही. रक्तक्षय, खुंटलेली वाढ, फुगलेले पोट, ठिसूळ हाडे ही त्याची पुढची लक्षणे. यावर आज तरी औषध नाही, आयुष्यभर ग्लूटेन पूर्णपणे टाळणे हाच उपचार आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये अन्नटंचाई होऊन पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुले उलट सुधारू लागली. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी गव्हाचा आणि आजाराचा संबंध पुढे आपल्या अभ्यासातून दाखवून दिला, आणि उपचाराची दिशा तेथून ठरली.

‘ग्लूटेन-फ्री’ या शब्दाला आपल्या देशात कायद्याने ठरवलेला अर्थ आहे, हे पाककृती लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. एक किलो खाद्यपदार्थात 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये, अशी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची मर्यादा आहे आणि ‘कोडेक्स’ हे खाद्यपदार्थांचे आंतरराष्ट्रीय मानकही तेच सांगते. गव्हाच्या पिठात साधारण आठ ते दहा टक्के ग्लूटेन असते. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात फक्त एक ग्रॅम कणीक मिसळली गेली, तरी त्यात 80 ते 100 मिलिग्रॅम ग्लूटेन उतरते आणि मर्यादा चार-पाच पटींनी ओलांडली जाते. एक ग्रॅम कणीक म्हणजे जेमतेम चिमूटभर. पोळपाटाच्या कडेला आणि गिरणीच्या जात्यात त्याहून कितीतरी अधिक कणीक चिकटून राहिलेली असते.

घरच्या पिझ्झ्याची खरी अडचण इथेच, गिरणीत आहे. ज्वारी, नाचणी, बाजरी, तांदूळ ही सारी धान्ये मुळात ग्लूटेनविरहित आहेत. तरीही ती गव्हावर दळली गेली की निरुपयोगी होतात. गिरणीवाल्यांना हे समजावून सांगणे अवघड नाही, कारण दळणाचा क्रम आपल्याकडे पूर्वापार पाळला जातो. डाळीवर गहू दळायचा नाही, उपासाचे पीठ वेगळे दळायचे, ज्वारीवर ज्वारी टाकायची, हे प्रत्येक गृहिणी सांगते आणि गिरणीवालाही ऐकतो. मात्र सिलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी एवढा क्रम पुरेसा नाही. जाते, पत्र्याचे नळकांडे, पीठ झेलणारी पिशवी, एवढेच काय पण गिरणीच्या हवेतही गव्हाचे पीठ असते. म्हणून शक्य असेल त्यांनी घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही घालू नये. ते शक्य नसेल तर तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून मिक्सरवर त्याची पिठी करता येते. थोड्या प्रमाणात ज्वारीही मिक्सरवर दळून बारीक चाळणीने चाळता येते. त्याआधी ज्वारी ताटात पसरून निवडणे आवश्यक आहे, कारण बाजारातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे हमखास सापडतात. चाळणीसुद्धा कणकेची असू नये, हे वेगळे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष पिझ्झ्याकडे वळते. मैद्याचा पिझ्झा ताणता येतो आणि फुगतो तो ग्लूटेनच्या चिवट जाळीमुळे. ती जाळी नसेल तर पीठ कसे बांधून ठेवायचे हा प्रश्न पाश्चात्त्य पाककृतींमध्ये झँथन गमसारखे पदार्थ घालून सोडवला जातो. आपल्या स्वयंपाकघराला मात्र या प्रश्नाची उत्तरे फार पूर्वीपासून माहीत आहेत. मोदकासाठी तांदळाच्या पिठीची उकड काढतात, भाकरीसाठी ज्वारीचे पीठ गरम पाण्यात भिजवून लाटण्याऐवजी थापतात, आंबोळीसाठी तांदूळ-उडीद आंबवतात. उकडणे, थापणे आणि आंबवणे या तिन्ही रीती ग्लूटेनविना काम करण्याच्याच आहेत, आणि पिझ्झ्याच्या लहान चकत्यांसाठी त्या जशाच्या तशा उपयोगी पडतात.

आमच्याकडे नेहमी होणारे प्रमाण असे आहे. ज्वारीचे पीठ एक वाटी, तांदळाची पिठी अर्धी वाटी, मिक्सरवर बारीक केलेला साबुदाणा पाव वाटी, इसबगोल दोन मोठे चमचे, कोरडे यीस्ट एक लहान चमचा, साखर अर्धा चमचा, मीठ आणि एक मोठा चमचा तेल. पाणी एकूण दीड वाटीच्या आसपास लागते. त्यातले निम्मे पाणी उकळून ज्वारीच्या पिठावर ओतावे आणि चमच्याने कालवून झाकून ठेवावे. उरलेल्या कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घालून फेस येऊ द्यावा, मग त्यातच इसबगोल मिसळून ते लगद्यासारखे होईपर्यंत थांबावे. ज्वारीची उकड कोमट झाली की सगळे एकत्र करून मळावे. उकड गरम असताना यीस्ट घातले तर ते मरते, म्हणून येथे घाई करू नये. हे पीठ मैद्याच्या गोळ्यासारखे लवचिक दिसणार नाही. थालीपिठाच्या पिठाइतके सैल आणि किंचित चिकट असेल, आणि ते तसेच असायला हवे. कोरडे वाटते म्हणून त्यात आणखी पीठ घातले की चकत्या कडक होतात आणि कडांना तडे जातात.

पाऊण तास पीठ झाकून ठेवल्यावर तेलाच्या हाताने लिंबाएवढे गोळे घेऊन लोणीकागदावर थापावेत. तळहाताएवढी चकती, मध्ये अर्धा सेंटिमीटर जाड आणि कडेला थोडी उंच, अशी असली की वरचा सॉस ओघळत नाही. ओव्हन 200 अंशांवर तापवून या चकत्या आधी नुसत्याच दहा-बारा मिनिटे भाजाव्यात आणि त्यानंतर सॉस, भाज्या व चीज घालून पुन्हा सात-आठ मिनिटे ठेवाव्यात. ही दोनदा भाजण्याची पायरी कोणीही गाळू नये. बिनग्लूटेनच्या पिठात पाणी बरेच असते आणि ते सुटायला वेळ लागतो. ओला सॉस आधीच घातला तर वरचे चीज करपते पण चकती मधोमध गिळगिळीत राहते. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर, झाकण ठेवून एक बाजू भाजावी, चकती उलटावी, भाजलेल्या बाजूवर सॉस व चीज घालावे आणि पुन्हा झाकण ठेवून चीज वितळू द्यावे. तवा मात्र पोळ्यांचा नसावा. बिडाच्या तव्याच्या खरखरीत पृष्ठभागात कणीक बसलेली असते आणि ती धुऊन पूर्ण निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटणे आणि लाकडी उलथने यांचेही तसेच आहे.

यीस्टची खटपट नको असेल तर आंबोळीचे पीठ याहून सोपे आहे. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ आणि थोडे मेथीदाणे भिजवून, वाटून, रात्रभर आंबवलेल्या पिठाच्या लहान जाड आंबोळ्या तव्यावर घालाव्यात, त्यावरही पिझ्झ्याचा सगळा साज चढवता येतो. उडदाच्या चिकटपणामुळे आंबवणीचे बुडबुडे पिठात धरून राहतात, म्हणून जाळी छान पडते. चव अर्थात पावासारखी लागत नाही, किंचित आंबूस लागते, पण टोमॅटोच्या सॉसबरोबर ती चांगली जुळते. माझ्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना ज्वारीपेक्षा हाच प्रकार अधिक आवडतो.

सॉस घरीच करावा. पिकलेले टोमॅटो, लसूण, तेल, मीठ, थोडी साखर आणि लाल तिखट एवढ्यात तो होतो. ओरेगॅनो नसेल तर चिमूटभर ओवा चुरडून घालावा. दोन्हींच्या वासामागे थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल हीच सुगंधी द्रव्ये असल्याने तो वास परका वाटत नाही. फोडणीला हिंग घालणाऱ्यांनी डबीवरचा मजकूर आधी वाचावा, कारण बाजारातल्या बांधानी, म्हणजे पीठ मिसळून केलेल्या, हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते. सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो. वेष्टनावर ग्लूटेनयुक्त धान्यांचा उल्लेख अ‍ॅलर्जीकारक घटक म्हणून करणे 2020च्या लेबलिंग नियमांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे वाचण्याची सवय लावून घेतली तर बहुतेक गोष्टी दुकानातच कळतात. चीज अखंड विटेच्या रूपात आणून घरी किसावे. नुकतेच निदान झालेल्या काही मुलांना आतडे भरून येईपर्यंत दूधही सोसत नाही, त्यांच्याबाबत चीज किंवा पनीर देण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

तयार ग्लूटेन-फ्री बेस आणून हे सगळे टाळता येणार नाही का, असे कोणी विचारील. ते महाग असतात हा एक भाग झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांतले अनेक प्रामुख्याने तांदूळ, मका किंवा टॅपिओका यांच्या स्टार्चपासून केलेले असतात. ज्या मुलांना आधीच लोहाची आणि इतर पोषकांची कमतरता आहे, त्यांना नुसत्या स्टार्चने पोट भरून काय मिळणार? सोलापूर जिल्ह्यात आम्हाला ज्वारीची ददात नाही, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष भारताच्या पुढाकाराने साजरे झाले, तेव्हा ज्वारीच्या पिझ्झ्याची छायाचित्रे ठिकठिकाणी झळकली. मात्र ते पीठ कुठे आणि कशावर दळले, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

बाहेर खाण्याबाबतचा आमचा अनुभव फारसा दिलासा देणारा नाही. एका उपाहारगृहात ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून मांडलेला पिझ्झा मैदा भुरभुरलेल्या ओट्यावरच थापला जाताना आम्ही पाहिला आणि न खाता परतलो. त्या आचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. या शब्दाचा अर्थ त्याला कोणी सांगितलेलाच नव्हता. वाढदिवसाच्या निमंत्रणांना आम्ही म्हणूनच घरच्या चकत्या डब्यात देतो. थंड झाल्यावर त्या लवकर निबर होतात, त्यामुळे नुसत्या भाजलेल्या चकत्या फ्रीझरमध्ये ठेवून आयत्या वेळी वरचे सामान घालून गरम करणे सोयीचे पडते. ज्या घरी कार्यक्रम आहे तेथील आईने आधी फोन करून ‘तिला काय चालते?’ एवढे विचारले, तरी आमच्यासारख्या पालकांचा मोठा भार हलका होतो.

आणखी एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे. मूल किडकिडीत आहे किंवा पोट दुखते म्हणून परस्पर गहू बंद करून अशा पाककृतींकडे वळू नये. सिलिअ‍ॅकचे निदान आधी रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीने आणि गरज पडल्यास आतड्याच्या बायॉप्सीने होते, आणि या तपासण्या माणूस गहू खात असतानाच करायच्या असतात. गहू आधीच सोडला तर अहवाल चुकीने निर्दोष येऊ शकतो आणि मग नेमका आजार कळायला मार्ग उरत नाही.

आपल्या दैनिकाला माझी विनंती अशी आहे की, पाककृतीच्या शीर्षकात ‘ग्लूटेन-फ्री’ हा शब्द छापताना तिच्यात रवा, कणीक, खपली, जव किंवा साधे ओट्स नाहीत याची खात्री संपादकीय विभागाने करावी. ओट्स बहुधा गव्हासोबत हाताळले जातात, त्यामुळे ‘ग्लूटेन-फ्री’ असे स्पष्ट लिहिलेल्या वेष्टनाशिवाय ते धरू नयेत, आणि तसे असले तरी सिलिअ‍ॅकच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. ज्या पाककृतीत केवळ मैदा टाळला आहे तिला ‘मैद्याविना’ म्हणावे. आणि खऱ्या ग्लूटेन-फ्री पाककृतीच्या शेवटी ‘पीठ गव्हावर दळलेले नसावे, तवा व पोळपाट वेगळे असावेत’ ही एक ओळ कायम छापावी.

आपली,
एका सिलिअ‍ॅकग्रस्त मुलीची आई, सोलापूर