फरशीखाली काय घालायचं ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत महाबळेश्वर-पाचगणीकडे बंगला बांधणाऱ्यांसाठी ‘गरम फरशी’वरचा, म्हणजे फरशीखालच्या पाइपांत गरम पाणी खेळवून घर उबदार ठेवण्यावरचा लेख आला होता. मी मूळचा मिरजेचा. गेली बरीच वर्षं अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, डुलुथजवळ राहतो आणि तुमचा ई-पेपर रोज वाचतो. तो लेख वाचतानाही माझे पाय अशाच एका फरशीवर होते. ती मी आणि सौ.ने मिळून २०१६ साली स्वतःच्या हातांनी घातली आहे, म्हणून हे पत्र.

लेखात पाणी तापवणारा बॉयलर, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, मोबाइलवरचं ॲप असं सगळं होतं. पण सोबतच्या चित्रात पाइप थेट मुरमावर टेकलेले दाखवले होते, आणि ‘उष्णता वरच जाते, त्यामुळे खाली काही घालावं लागत नाही’ असं वाक्यही होतं. नेमकं हेच वाक्य आमच्या काँक्रीटवाल्याने मला ऐकवलं होतं. तेव्हा खिसा रिकामा होत आलेला, त्यामुळे ते खरं असावं असं फार वाटत होतं. वर जाते ती गरम हवा. उष्णता जिकडे थंड असेल तिकडे जाते, मग ती खालची माती का असेना.

आमच्याकडे हिवाळ्यात पारा उणे पंचवीस-तीसपर्यंत उतरतो. जमीन इतकी खोल गोठते की नियमाप्रमाणे पाया पाच फूट खाली न्यावा लागतो. स्वतःच्या राहत्या घराचं काम इथे स्वतः करता येतं, फक्त परवाना काढायचा आणि प्रत्येक टप्प्यावर इन्स्पेक्टरला दाखवायचं. घर तळमजल्याचंच, १,२०० चौरस फुटांचं. खडीचा थर दाबून त्यावर प्लास्टिकचा जाड कागद, त्यावर उष्णता खाली जाऊ न देणारे तीन इंची फोमचे कडक तक्ते. हा फोम म्हणजे आपल्या थर्माकोलचा दणकट चुलतभाऊ. त्यावरून माणसं चालली, भरलेली ढकलगाडी गेली तरी तो दबत नाही. मग लोखंडी जाळी, आणि जाळीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला अर्ध्या इंचाचा पेक्स पाइप. पेक्स हे एक प्रकारचं चिवट प्लास्टिकच, पण घेताना आत ऑक्सिजन शिरू न देणारा थर असलेलाच घ्यायचा. नाहीतर पंपाचे नि बॉयलरचे लोखंडी भाग आतून गंजतात.

पाइपाच्या दोन ओळींत एक फूट अंतर, आणि थंडी बाहेरच्या भिंतींकडून येते म्हणून तिथे सहा-सहा इंचांवर. एक फेरा तीनशे फुटांपेक्षा लांब करायचा नाही, कारण पाणी शेवटाला पोचेपर्यंत निवतं आणि पंपालाही दम लागतो. आमचे सहा फेरे झाले, एकूण साधारण १,५०० फूट. सगळ्या फेऱ्यांची टोकं एका भिंतीत पितळी मॅनिफोल्डला, म्हणजे पाणी वाटून देणाऱ्या जाड नळीला येतात आणि प्रत्येकाला वेगळा कॉक. काँक्रीटच्या पोटात एकही जोड नाही, हा पहिला नियम. अमेरिकेत १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउन वसाहतीत हजारो घरं बांधली, त्यांच्या कोब्यात तांब्याच्या नळ्या होत्या. त्या पुढे गळायला लागल्या आणि या पद्धतीचं नाव इथे बरीच वर्षं खराब झालं.

काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी पाइपात ६० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाबाने हवा भरून दाब दाखवणारं गेज लावून ठेवलं. पाणी भरलं नाही, कारण ऑक्टोबरात रात्री ते गोठण्याची भीती. सकाळी सहाला बॅटरी घेऊन गेलो तर काटा ५७ वर. पोटात गोळाच आला. काँक्रीटचा ट्रक नऊला यायचा होता. सौ.ने भांडी घासायचा साबण पाण्यात कालवला, आम्ही दोघांनी गुडघ्यांवर रांगत मॅनिफोल्डच्या प्रत्येक जोडावर ब्रशने तो फासला. एकही बुडबुडा नाही. ट्रक पुढे ढकलायला फोन केला, चार शिव्या खाल्ल्या. दुपारी ऊन आलं आणि काटा आपणहून ६० वर जाऊन बसला! रात्रीच्या गारठ्याने पाइपातली हवा आकसली होती, एवढंच. डिप्लोमाला पहिल्या वर्षी शिकलेलं, वेळेला आठवलं नाही. काँक्रीट ओतताना मात्र गेज तसंच चालू ठेवायचं. कुणाच्या फावड्याने पाइप फाटला तर काटा झपकन पडतो आणि ओल्या काँक्रीटमधून वर येणारे बुडबुडे जागा दाखवतात. सुकल्यावर ते कोण दाखवणार?

चार इंची कोबा झाला की लगेच गरम पाणी सोडायचं नाही. आम्ही अठ्ठावीस दिवस थांबलो. मग रोज थोडं थोडं तापमान वाढवत नेलं. तोवर नोव्हेंबर लागला होता आणि आम्ही भाड्याच्या घरातच टोप्या घालून बसलो होतो.

आता सुखाचं. फरशीत फिरणारं पाणी ३५ ते ४० अंशांचंच असतं, आंघोळीच्या पाण्याएवढं. जुन्या लोखंडी रेडिएटरला सत्तर-ऐंशी अंश लागतं. फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर न्यायचा नसतो, नाहीतर पाय जड होतात. त्यामुळे हाताला ती ‘गरम’ लागत नाही, फक्त गार लागत नाही. अण्णा (माझे वडील) पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बूट काढले, जमिनीवर तळवा टेकवला आणि म्हणाले, “काय रं, खाली शेगडी ठेवलीस काय?” नंतर तीन महिने त्यांनी सोफ्याला पाठ लावली नाही. पेपर जमिनीवर, जेवण जमिनीवर, दुपारची झोपही जमिनीवर. इडलीचं पीठ आधी ओव्हनच्या दिव्याखाली दोन दिवस ठेवलं तरी रुसून बसायचं, आता बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवलं की सकाळी डब्याबाहेर! विरजणाचंही तेच. पण कोठीच्या खोलीतूनही मी उत्साहाने पाइप फिरवला, तो मूर्खपणा झाला. कांद्या-बटाट्यांना आठवड्यात मोड येतात. कोठी, फ्रिजची जागा आणि ओट्याखालची कपाटं सोडून द्यायला हवी होती.

लेखात याला ‘अत्याधुनिक पाश्चात्त्य तंत्र’ म्हटलंय. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालून खेळवून घर गरम करायची ओंडोल ही पद्धत शतकानुशतकं चालत आलीय. आणि आपल्या काश्मिरात जुन्या घरांतून, मशिदींतून हमाम असतात, दगडी लाद्यांखाली लाकडं पेटवून तापवलेले. पश्चिमेने पाइप दिला, ठीक आहे.

आता महाबळेश्वर. वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी तुम्ही दर हिवाळ्याला फोटोसकट छापता आणि मी ती दर हिवाळ्याला हसत हसत वाचतो. पण थट्टा बाजूला ठेवू. चार इंची काँक्रीट तापायला एक दिवस लागतो आणि निवायलाही तेवढाच. इथे सहा महिने ते बंदच होत नाही, म्हणून परवडतं. तुमचा वाचक शुक्रवारी रात्री पुण्याहून पोचणार, बटण दाबणार, आणि फरशी छान कोमट होईल तेव्हा शनिवारची रात्र झालेली असेल, रविवारी दुपारी तर तो गाडीत बॅगा भरत असेल. तिथला खरा शत्रू पावसाळ्यातली ओल आहे. पैसा असेल तर तो भिंतींच्या नि छपराच्या वॉटरप्रूफिंगला आणि घट्ट बसणाऱ्या खिडक्यांना लावावा.

लेखात विजेच्या मॅटचाही (तापणाऱ्या तारांच्या पातळ जाळीचाही) पर्याय आहे. ती टाइलखाली पातळ बसते आणि तासाभरात तापते, हे खरं. पण तिला चौरस फुटाला साधारण बारा वॉट लागतात. चारशे चौरस फुटांच्या हॉलला जवळजवळ पाच किलोवॅट झाले, म्हणजे दोन किलोवॅटचे अडीच गिझर एकदम चालू. बाथरूमपुरती घाला, सुखाने घाला. आणि तिच्याही खाली इन्सुलेशनचा बोर्ड हवाच, नाहीतर फ्लॅटमध्ये तुमच्या पैशाने खालच्या मजल्यावरच्यांचं छत तापेल.

तरीही कुणी लेहला, मनालीला घर बांधत असेल, किंवा आमच्यासारखं परदेशात थंडीत, तर त्याने हे जरूर करावं. कारागीर नसले तरी दोन माणसं आणि चार शनिवार-रविवार यांत पाइप बांधून होतो. माझं एवढंच म्हणणं आहे की बॉयलर उद्या बदलता येतो, पंप बदलता येतो, थर्मोस्टॅट तर मी दोनदा बदललाय. कोब्याखालचा फोम मात्र घर पाडल्याशिवाय घालता येत नाही. म्हणून पुरवणीच्या पुढच्या अंकात ते चित्र दुरुस्त करून छापावं: मुरूम, प्लास्टिकचा कागद, फोम, जाळीला बांधलेला पाइप, काँक्रीट, या क्रमाने. आणि कोब्याच्या चारी कडांनाही फोमची उभी पट्टी दाखवा. सगळ्यात जास्त उष्णता तिथूनच पळते.

काँक्रीटच्या आधी जमिनीवर मेजरिंग टेप पसरून मी पाइपांचे दीडेकशे फोटो काढले होते, भिंतीपासून कुठला पाइप किती इंचांवर आहे ते कळावं म्हणून. तुमच्या चित्रकाराला हवे असतील तर पाठवतो. फक्त कमोडजवळचे नाहीत. ते काढायच्या वेळी फोनची बॅटरी संपली होती. दोन वर्षांनी अण्णांसाठी तिथे आधाराचा दांडा बसवायला जमिनीत भोक पाडत होतो, आणि ड्रिलचा बिट बाहेर आला तो ओला. फूटभर काँक्रीट फोडून पाइप जोडावा लागला. त्यामुळे एकही जोड नसल्याचं वर लिहिलंय, त्यात आता एक वाढवून वाचावं.

आपला नियमित वाचक,
डुलुथ, मिनेसोटा (मूळ गाव मिरज)