पंचेचाळीस मिनिटांचे पैसे, सव्वीस मिनिटांची डाइव्ह : बोटीवरील सिलिंडर आणि वेळेबाबत तक्रार

जळगाव

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कमी भरलेले सिलिंडर, सरसकट एकच माप आणि पाण्याखालच्या वेळेत झालेली कपात

महोदय,

आम्ही जळगाव-भुसावळ भागातले प्रमाणित स्कूबा डायव्हर आहोत. वेंगुर्ला रॉक्सच्या बाजूला जाण्यासाठी आपल्या कंपनीची बोट आम्ही पूर्ण दिवस आरक्षित केली होती. प्रत्येकी दोन डाइव्ह, प्रत्येक किमान 45 मिनिटांची, असे आपल्याच पावतीवर छापलेले आहे. पहिली डाइव्ह सव्वीस मिनिटांत गुंडाळली गेली, दुसरी त्याहून लवकर. फोन केल्यावर "समुद्राचं काही सांगता येत नाही" असे उत्तर मिळाले. समुद्र त्या दिवशी शांत होता, पाणीही बऱ्यापैकी स्वच्छ होते. वेळ खाल्ला तो सिलिंडरने आणि आपल्या गाइडच्या नियमाने. हिशोब खाली देत आहोत, तपासून पाहावा.

बोटीवर सगळ्यांना एकच सिलिंडर दिला, ज्याला धंद्यात 'ॲल्युमिनियम 80' म्हणतात. त्याची पाण्याची क्षमता 11.1 लिटर आणि भरण्याचा दाब 207 बार (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेइतका दाब). 200 बार भरला आणि 50 बार राखून वर आले, तर वापरायला 150 बार, म्हणजे सुमारे 1,665 लिटर हवा मिळते. 18 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या 2.8 पट असतो, म्हणून हवाही तितक्याच पट लागते. शांतपणे श्वास घेणारा माणूस पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला 14 लिटर हवा घेतो, त्याला ती 42 मिनिटे पुरते. धिप्पाड माणसाला मिनिटाला 20 लिटर लागतात, त्याची हवा तिसाव्या मिनिटाच्या आत संपते. म्हणजे 18 मीटरवर या सिलिंडरने 45 मिनिटे दोघांनाही मिळत नाहीत. ज्याने ती पावती छापली, त्याने हा गुणाकार केलेला नाही. 12 मीटरवर डाइव्ह आखली असती, तर पहिल्याला 54 मिनिटे मिळाली असती आणि दुसऱ्याला 38.

बरे, 200 बार तरी होते का? पाण्यात उतरताना आमच्या गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर, 170 होते. आपल्या बोटीवरचा मुलगा म्हणाला, सिलिंडर गरम होता, आता थंड झाला. घाईने भरलेला सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो, हे खरे. पण 50 अंशांवर 200 दाखवणारा सिलिंडर 27 अंशांच्या पाण्यात 186 च्या आसपास थांबतो. 170 पर्यंत उतरायचा, तर तो हात लावता येणार नाही इतका तापलेला असायला हवा, आणि आमच्या हातात आला तेव्हा तो जेमतेम कोमट होता. म्हणजे भरतानाच कमी भरला. कापसाच्या काट्यात कोणी मारले, तर खानदेशात ते लगेच ओळखतात. इथेही काटाच आहे, फक्त बारमध्ये मोजणारा. या 30 बारांनी जास्त हवा घेणाऱ्याची तळावरची सहा मिनिटे गेली.

आता गाइडचा नियम. एकाने 70 बारची खूण केली आणि गाइडने सगळ्यांना वर काढले. तेव्हा विसावे मिनिट होते. वर येणे आणि 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (शरीरात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून थांबणे) धरून सव्वीस. बाकी काही जणांकडे 100 बारच्या आसपास हवा शिल्लक होती. तिचे पैसे आम्ही भरले होते. ज्याची हवा आधी संपली त्याचा यात काहीही दोष नाही, आणि बोटीवर त्याच्याकडे सगळ्यांनी ज्या नजरेने पाहिले, तेही आपल्या व्यवस्थेचेच फळ. चांगल्या बोटींवर उतरण्याआधीच सांगतात : 60 मिनिटे किंवा 50 बार, जे आधी होईल ते. ज्याची हवा संपत आली, तो आपल्या बडीसोबत, म्हणजे जोडीदारासोबत, सरफेस मार्कर बॉय (बोटीला दिसावा म्हणून पाण्यावर सोडायचा फुगा) सोडून वर येतो आणि बोट त्याला उचलते. बाकीचे गाइडसोबत पुढे जातात. त्यासाठी प्रत्येक जोडीमागे एक बॉय लागतो आणि वर लक्ष ठेवणारा माणूस लागतो. आपल्या बोटीवर बॉय मिळून एक होता, तोही गाइडच्या कमरेला.

दुसरी बाजूही लिहून ठेवतो. ठरलेली वेळ ओलांडून बोटीला ताटकळत ठेवणारा किंवा 20 बारवर वर येऊन हसणारा डायव्हर आम्हालाही चालत नाही. पण वेळ आधी ठरलेली असेल, तरच ती पाळता येते. आपल्या ब्रीफिंगमध्ये माशांची नावे होती, मिनिटांचा आकडा नव्हता.

सगळ्यांची हवा साधारण एकाच वेळी संपावी, तर सिलिंडर माणसागणिक द्यावा लागतो. जास्त हवा घेणाऱ्याला 15 लिटरचा स्टील सिलिंडर द्या. 200 बारला तो 2,250 लिटर वापरायला देतो आणि तीच तीस मिनिटे चाळीस होतात. 12 लिटरच्या स्टीलने फार तर दोन-तीन मिनिटे वाढतात, त्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत. लहान चणीच्या, कमी हवा घेणाऱ्या डायव्हरला 9 लिटरचा पुरतो आणि पाठही मोडत नाही. स्टीलला आतून ओल लागली की गंज चढतो, डेकवर उचलायला तो जड, म्हणून बोटवाले ॲल्युमिनियम पसंत करतात, हे आम्हाला मान्य आहे. पण सगळेच स्टील कोणी मागत नाही. बुकिंगच्या वेळी विचारून दोन-तीन मोठे सिलिंडर ठेवले, तरी भागते.

वजनाबाबत तर गाइडने कोणाला काही विचारलेच नाही. पाण्यात तरंगू नये म्हणून बांधायचे शिसे सरसकट चार-चार किलो दिले. ॲल्युमिनियम 80 भरलेला असताना पाण्यात पाऊण किलोच्या आतबाहेर बुडता असतो आणि रिकामा झाला की जवळपास दोन किलो तरंगता होतो. त्यातून आमच्याकडचे बहुतेक जण गोड्या पाण्यात शिकलेले. खाऱ्या पाण्यात त्यांना दोन-अडीच किलो जास्तच लागते. परिणाम असा, की सेफ्टी स्टॉपला दोघांना नांगराचा दोर धरून लोंबकळावे लागले. उतरण्याआधी पृष्ठभागावर बीसीडी (हवा भरून तरंगायचे जॅकेट) रिकामी करून, साधा श्वास रोखून, पाणी डोळ्यांच्या पातळीला येते का ते पाहायचे आणि भरलेल्या ॲल्युमिनियमसाठी दोन किलो वाढवायचे. माणशी दोन मिनिटांचे काम आहे.

दोन सिलिंडरांच्या खांद्यावरचे चाचणीचे शिक्के रंगाखाली दबलेले होते, वाचताच येईनात. उच्च दाबाच्या सिलिंडरांचे नियम पाहणारे पेसोचे मुख्यालय नागपुरात आहे; फोटो तिकडेही पाठवता येतील. एका सिलिंडरच्या हवेला तेलकट वास होता. कॉम्प्रेसरचा फिल्टर कधी बदलला, ते लेखी कळवावे.

आणि दुसरी डाइव्ह. ती सकाळी साडेअकराची ठरली होती, सुरू झाली दुपारी अडीचला. घराकडे जायचे, तर आम्हाला त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढायचा होता, म्हणजे सुमारे 700 मीटर. डाइव्हनंतर लगेच उंचावर गेले, तर शरीरातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो, म्हणून 300 मीटरपेक्षा वर जाणे टाळायचे, हे आपल्या गाइडला माहीत असायलाच हवे. आम्हाला मुक्काम वाढवावा लागला. घाटापलीकडून येणाऱ्या प्रत्येक गटाला हेच भोगावे लागणार.

आमच्या मागण्या : दुसऱ्या डाइव्हचे पूर्ण आणि पहिलीचे निम्मे शुल्क परत, वाढलेल्या मुक्कामाचा खर्च, आणि यापुढे बुकिंगच्या पावतीवरच खोली, सिलिंडरचे माप, त्यात भरलेल्या हवेचा किमान दाब आणि वर येण्याचा नियम छापावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करू आणि ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार जळगाव जिल्हा आयोगात दाद मागू. तक्रारदार राहतो तिथे दावा करता येतो, त्यामुळे तारखांना आपल्याला इकडे यावे लागेल.

आपले,
जळगाव-भुसावळ परिसरातील डायव्हर मंडळी

सोबत : पावतीची प्रत, डाइव्ह कॉम्प्युटरच्या नोंदी, उतरण्याआधीच्या गेजचे आणि सिलिंडरांच्या खांद्यांचे फोटो