केमोथेरपीतील थकव्याची नोंद केसपेपरवर व्हावी

महोदय,

केमोथेरपीने केस गळतात, उलट्या होतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. पण बहुतेक रुग्णांना छळणारा थकवा मात्र ‘एवढे तर व्हायचेच’ म्हणून सोडून दिला जातो. हा थकवा कामाने येणाऱ्या थकव्यासारखा नाही. रात्रभर झोप झाली, दुपारीही पडून राहिले, तरी तो उतरत नाही.

औषधाने कर्करोगाच्या पेशींबरोबर निरोगी पेशींचीही हानी होते आणि त्यामुळे चेतवली गेलेली प्रतिकारयंत्रणा इंटरल्यूकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारखी दाहकारक द्रव्ये रक्तात सोडते. त्यांचा परिणाम मेंदूवर झाला, की तापात अंग जसे गळून जाते, भूक मरते, कशात लक्ष लागत नाही, तसेच ताप नसतानाही होते. अर्थात दाह हे एकमेव कारण नव्हे. रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, अपुरा आहार, वेदना, निद्रानाश, नैराश्य हेही त्यात भर घालतात आणि यांतील बहुतेकांवर उपचार आहेत.

माझ्या वहिनींची केमो सध्या सुरू आहे. कणीक मळता मळता परात तशीच सोडून त्या ओट्याखाली भिंतीला टेकून बसतात, आणि ‘जरा मन घट्ट करा’ असा सल्ला भेटायला येणारे देऊन जातात. त्यांच्या फाइलमध्ये वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे सगळे आहे. थकव्याविषयी एक ओळही नाही. त्या आपणहून सांगत नाहीत, कारण सांगितले तर डॉक्टर डोस कमी करतील, ही धास्ती. अनेक रुग्णांच्या मनात ती असते.

‘शून्य ते दहामध्ये आज थकवा किती?’ एवढा एकच प्रश्न पुरेसा आहे. उत्तर 4 किंवा त्याहून जास्त आले, तर कारण शोधावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नुसत्या विश्रांतीपेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेले चालणे, हलका व्यायाम, योग यांचा उपयोग अधिक होतो, हेही रुग्णांना स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. आपल्याकडच्या मे महिन्यात ते उजाडतानाच किंवा घरातल्या घरात करावे लागेल, एवढेच. मात्र गळाल्यासारखे वाटून ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर तो नेहमीचा थकवा समजून घरी थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून रुग्ण एसटीने नागपुरात येतात आणि सलाइन संपताच परतीची गाडी गाठतात. तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) यांनी प्रत्येक केमोच्या दिवशी सलाइन सुरू असतानाच परिचारिकांमार्फत हा प्रश्न विचारून उत्तराचा आकडा केसपेपरवर लिहून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, मानेवाडा, नागपूर