फाळक्यांना हार घालून झाला, आता पडदा लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३० एप्रिल ही दादासाहेब फाळक्यांची जयंती. ३ मे हा १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला तो दिवस. आणि १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन. तिन्ही तारखा मुलांच्या सुट्टीच्या तोंडावर नाहीतर सुट्टीत येतात. फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, शेवट नाशिकचा, म्हणजे माणूसही आपलाच. तरी या दिवसांत माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा येतो तो तसबिरीला हार, दोन-तीन भाषणं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो.

माझी मागणी अशी : नाशिकमधल्या संग्रहालयांनी आणि स्मारकांनी महिन्यातल्या एका ठरलेल्या शनिवारी, संध्याकाळी, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी बरोबर येऊन बघावा असा सिनेमाचा छोटा खेळ लावावा. महोत्सव नको. महोत्सव आला की स्वागत समिती येते, पास येतात, आणि मुलांना मागच्या खुर्च्या मिळतात.

मी हे केबिनमधून, म्हणजे थिएटरातल्या मशीनच्या खोलीतून बोलतोय. शहरातल्या एकपडदा थिएटरांत ऑपरेटर म्हणून उमर गेली. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडण्यापासून झेनॉनचा दिवा आणि शेवटी डिजिटल, इथवर सगळं पाहिलं. केबिनच्या झरोक्यातून पडदा दिसतो तसं खालचं पब्लिकही दिसतं. लहान पोर किती वेळ एका जागी बसतं हे त्या झरोक्यानं मला शिकवलं. हजार फुटांचं रीळ म्हणजे अकरा मिनिटं. पहिल्या रिळाला पोर गप्प, दुसऱ्याला प्रश्न सुरू, तिसऱ्याला शू. चौथ्या रिळाच्या पुढे आईचा निम्मा सिनेमा बाहेर व्हरांड्यात. तेव्हा मुलांसाठी म्हणून अडीच तासांचा चित्रपट लावणाऱ्यांनी आधी एखाद्या आईला विचारावं. पाऊण तास पुष्कळ झाला.

आणि पाऊण तासाच्या आसपासची चीज आपल्याकडे तयार आहे. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’, साल १९१९. ‘हरिश्चंद्रा’चे थोडेच तुकडे उरले, पण ‘कालिया मर्दन’ बराचसा वाचला आहे आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. त्यात कृष्ण झाली आहे ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय सात. सिनेमा सुरू होतो तोच तिच्या चेहऱ्यानं. गोष्ट सुरू व्हायच्या आधी ती एकामागून एक भाव करून दाखवते : राग, हसू, भीती. आज सात वर्षांचं पोर समोर बसवा, तिसऱ्या भावाला तेही तोंड वेडंवाकडं करायला लागेल. करू द्या. मग खोड्या, आणि शेवटी पाण्याखाली नागाशी झटापट. शंभर वर्षांपूर्वी ही करामत कशी केली असेल, यावर घरी जाताना रिक्षात बापलेकांचं भांडण झालं तर खेळ वसूल.

हा सिनेमा मुका आहे ही मुलांच्या खेळासाठी अडचण नाही, सोय आहे. मुक्या सिनेमात कोणी बोललं तर संवाद बुडत नाही. तेव्हा पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा असायचा, पेटी-तबलावाला पुढे बसायचा, पब्लिक मोठमोठ्यानं शेरे मारायचं. पडद्यावर मधे येणाऱ्या अक्षरांच्या पाट्या एखाद्या आजींनी खड्या आवाजात वाचाव्यात, ओळखीच्या गायनवर्गातली पोरं साथीला घ्यावीत. संग्रहालयात जागोजागी ‘शांतता राखा’ लिहिलेलं असतं. त्या शनिवारी त्या पाटीवर पंचा टाकावा. दिवेही सगळे मालवू नयेत. दोन-तीन वर्षांची मुलं काळोखाला भितात, आणि आजोबांना पायरी दिसत नाही.

खेळाच्या आधी अर्धा तास पडद्यामागची गंमत दाखवावी. पस्तीस एमएम फिल्मचा दीड फुटाचा तुकडा पोराच्या हातात द्या आणि सांगा, हा एक सेकंद. चोवीस चित्रं आहेत, मोज. मोजतंच. मुक्या सिनेमाच्या वेळी सेकंदाला साधारण सोळा चित्रं चालायची, म्हणजे एक फूट फिल्म म्हणजे एक सेकंद. हिशेब फार सोपा होता. फिल्म दिव्यासमोरून सरळ धावत नाही, प्रत्येक चित्रापाशी क्षणभर थांबते आणि पुढचं चित्र येताना शटर उजेड अडवतो, हे हातानं मशीन फिरवून दाखवलं की मोठी माणसंही तोंडाचा आ करतात. मी पाहिलंय. घरात जन्मभर टीव्ही बघितलेली माणसं.

दुसरा कार्यक्रम फाळक्यांनीच सुचवून ठेवलाय. ‘हरिश्चंद्रा’ला भांडवल मिळावं म्हणून त्यांनी आधी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं चित्रण केलं, आणि पडद्यावर दाण्याचा वेल मिनिटाभरात वर चढला. पैसेवाल्यांना ते पटलं. आज हे करायला कॅमेरा विकत घ्यावा लागत नाही. पहिल्या शनिवारी प्रत्येक मुलाला मातीचं कुल्हड आणि चार वाटाणे द्या. कुल्हड एका जागेवर ठेवून आईच्या मोबाइलवर रोज एक फोटो, एकाच वेळी, एकाच कोनातून. पुढच्या महिन्याच्या खेळाआधी सगळ्यांचे वेल जोडून पडद्यावर लावा. ज्याचा वाटाणा उगवलाच नाही त्याची रिकामी मातीही लावा, पोरं सगळ्यात जास्त त्यालाच हसतील. आणि पुढच्या महिन्यात लोक येतील की नाही याची चिंता आयोजकांना उरणार नाही. स्वतःचा वाटाणा पडद्यावर दिसणार म्हटल्यावर मामा-मावशीसकट येतात.

फाळक्यांची गोष्टही घरच्यांबरोबरच सुरू झाली होती, हे आपण विसरतो. १९११ साली थोरल्या मुलाला, भालचंद्रला घेऊन ते गिरगावात जनावरांचा सिनेमा बघायला गेले. मुलानं घरी येऊन सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या कुटुंबाला घेऊन गेले. ईस्टरमुळे त्या दिवशी ख्रिस्ताच्या चरित्राचा सिनेमा होता, आणि तो बघताना फाळक्यांच्या डोक्यात आपल्या देवांचा सिनेमा सुरू झाला. पुढे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला, धुवायला शिकल्या, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. ‘हरिश्चंद्रा’त भालचंद्र राजाचा मुलगा रोहिदास झाला. आपल्या कार्यक्रमांत सरस्वतीबाईंचं नाव आलंच तर आभारप्रदर्शनात येतं.

जागा म्हणाल तर पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक आहेच. त्याच्या डागडुजीबद्दल तुमच्या पेपरात पुष्कळ छापून येतं, त्यात मी भर घालत नाही. एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि सतरंज्या यांना निविदेची वाट बघावी लागू नये इतकंच. दुपारी लेणी, संध्याकाळी खेळ, असा घरच्यांचा अख्खा दिवस होतो. दुसरी जागा सराफ बाजारातला सरकारवाडा. पूर आला की पाणी त्याच्या कितव्या पायरीला लागलं हे आपण एकमेकांना फोन करून विचारतो. पायऱ्या चढून आत किती जण गेलेत? पेशवाईतल्या वाड्यात, जुन्या वस्तूंच्या शेजारी अर्ध्या तासाचा खेळ लावला तर निदान पोरं तरी जातील. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. तिथे ज्वालामुखीवर पंधरा मिनिटांचा माहितीपट लावा आणि लगेच कपाटापाशी न्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून आपला काळा दगड झाला, त्याच्या पोकळ्यांत हे झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक वाढले. पडद्यावरचा लाल लाव्हा डोळ्यांत असतानाच पांढरा स्फटिक दिसला पाहिजे. चहा-बिस्किटाचा ब्रेक मध्ये घातलात तर गेलं. संग्रहालयातल्या खेळाचं थिएटरातल्या खेळापेक्षा वेगळेपण हेच, की सिनेमा संपला तरी वस्तू तिथेच असते.

मागे एका संस्थेच्या अशाच ‘बालचित्रपट’ कार्यक्रमाला नातीला घेऊन गेलो होतो. संस्थेचं नाव राहू द्या. पाहुणे तासभर उशिरा, मग दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय, मग पाहुण्यांनी मुलांना विचारलं, मोबाइल कमी बघता ना? सिनेमा सुरू झाला तेव्हा पहिल्या दोन रांगा पेंगत होत्या. म्हणून माझी अट अशी की भाषण करायचंच असेल त्यानं सिनेमा संपल्यावर करावं. ऐकायला जितके थांबतील तितके त्याचे.

बाकी गोष्टी किरकोळ, पण त्यांच्यावाचून घरचे येत नाहीत. स्वच्छ स्वच्छतागृह. तान्ह्या बाळाच्या आईसाठी आडोसा. बाबागाडी आणि चाकाची खुर्ची जाईल असा उतार. खेळ अशा वेळी संपवावा की सिडकोला, पंचवटीला, नाशिकरोडला परतायला सिटीलिंकची बस मिळेल. रात्री पाथर्डी फाट्यावर रिक्षाशी घासाघीस करायला लागली की चौघांचं कुटुंब पुन्हा येत नाही. तिकीट ठेवा, दहा रुपये का असेना. फुकट कार्यक्रमाची लोक वेळ पाळत नाहीत. हक्कांचा प्रश्न या जुन्या सिनेमांना नाही, आपल्या कायद्यात प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी चित्रपटाचा कॉपीराइट संपतो. चांगली प्रत मिळवण्यासाठी पुण्याला रीतसर पत्र लिहावं लागेल, ते संस्थेच्या लेटरहेडवर जायला हवं, माझ्यासारख्याच्या पोस्टकार्डावर नाही.

माझ्याकडे फिल्म परत गुंडाळायचा जुना, हातानं फिरवायचा रिवाइंडर आहे, फिल्मचे थोडे तुकडे आहेत आणि जोड लावायची पट्टी आहे. ज्या संग्रहालयाला हवं असेल त्यांनी तुमच्या कार्यालयात निरोप ठेवावा. मी सामान घेऊन येईन, मानधन नको. गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, तेवढं एक स्टूल द्यावं.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर,
जुने सिडको, नाशिक