रक्त पातळ होत नाही, गोळी बंद करू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

'रक्त पातळ व्हायची गोळी' असं आपण सगळेच म्हणतो, पण त्या नावानं आमच्या घरात केवढा घोळ झाला ते सांगायचंय. माझ्या बाबांचा जन्म टॉवेलच्या कारखान्यात लूमवर गेला, तीन महिन्यांमागं त्यांना औषधवाला स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी, औषध लावलेली तारेची जाळी, बसवला. एकदा दाढी करताना जरासं कापलं तर रक्त लवकर थांबेना, पांढरा टॉवेल लाल झालेला बघून घाबरले, शेजारचे काका म्हणाले रक्त लई पातळ झालंय, आठ दिवस गोळी थांबवा, आणि बाबांनी कुणाला न सांगता थांबवली पण. चार दिवसांनी आईला स्ट्रिप तशीच दिसली तेव्हा कळलं. नशिबानं काही झालं नाही.

मुळात रक्त पातळ होतच नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गोळ्यांनी प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या बारीक पेशी, एकमेकांना चिकटत नाहीत, गुठळी धरत नाही एवढंच. मग ही गोळी कशासाठी? धमनीच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात, फुगा फुगवून जाळी बसवली की भिंत दुखावते आणि या पेशी भराभर वाढून नस परत अरुंद करतात, साध्या जाळीत हा त्रास बऱ्याच जणांना व्हायचा. हिपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या इंजेक्शननं ही वाढ कमी होते असं 1977 साली उंदरांवर दिसलं होतं, पुढं तर हिपॅरिनचा जो भाग रक्त गोठणं थांबवत नाही त्यानंही वाढ रोखली, म्हणजे ही दोन कामं वेगळीच. पण माणसांत त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून आता जाळीलाच सिरोलिमससारखं औषध लावतात, पेशी वाढत नाहीत, पण त्याच औषधानं जाळीवर नवं अस्तर चढायलाही उशीर होतो आणि तोवर उघड्या तारेवर गुठळी धरायची भीती, त्यासाठीच तर ही गोळी! एवढं आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी कुणी सांगितलं नाही, चूक बाबांची मी म्हणणार नाही.

आईनं तर मेथी-पालक पण बंद केला होता. ते पथ्य वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारी वेगळी गोळी घेणाऱ्यांचं, आणि त्यांनीसुद्धा भाजी सोडायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते.

माझी विनंती एवढीच, आपल्या आरोग्याच्या पानावर हे एकदा सोप्या मराठीत छापा, आणि सोलापुरातल्या दवाखान्यांनी डिस्चार्ज कार्डावर कुठली गोळी कशासाठी, कुठल्या तारखेपर्यंत, आणि दात काढायचा असला तरी आधी कुणाला विचारायचं हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्यावं.

आपली एक वाचक,
सोलापूर